पांढऱ्या मक्याच्या नांग्या

१८ जून

प्रिय मुंगे,

डॉक्टरांनी महिनाभर वाचू-लिहू नका म्हणून बजावलं होतं. तो महिना काल संपला, म्हणून आज पहिलं पत्र तुला. फोन कर म्हणशील, पण फोनवर तू 'हं' आणि 'बरं' यापलीकडे बोलत नाहीस. पत्रात निदान वाक्य पूर्ण करावं लागतं.

दोन्ही डोळे उत्तम आहेत. तुझ्याकडे राहिले ते दिवसही बरे गेले. खुर्च्या मात्र बदल. त्या बघायला केल्या आहेत, बसायला नाहीत. घरी आल्यावर कळलं की ज्या भिंती मी इतकी वर्षं पांढऱ्या समजत होते त्या पिवळ्या आहेत. आरशाबद्दल काही लिहीत नाही.

आणि मग शेत पाहिलं. मुंगे, तुझ्या आजीचा मका यंदा असा उगवलाय की ती असती तर तिने शेजारणींना हाताला धरून आणून दाखवला असता. एकही नांगी नाही. जिथे बी रुजत नाही तिथे ओळीत रिकामी जागा पडते, ती दरवर्षी पडतेच. आजी म्हणायची, मक्याचे दुधाचे दात पडलेत. यंदा बांधापासून विहिरीपर्यंत ओळी कशा भरलेल्या! चौतीस वर्षं मुलांना गणित शिकवलं, पण प्रार्थनेला इतकी सरळ आणि गच्च रांग एकदाही लावता आली नाही. ऑपरेशनची तारीख अलीकडे आली म्हणून घाईत सगळंच बी पेरायला दिलं होतं, डब्यात दाणाही ठेवला नव्हता, त्याची जरा रुखरुख होती. ती गेली.

शिक्क्याचा अर्ज तुमच्या ऑफिसला पाठवलाय. लागोपाठ तेरा वर्षं 'जीएम नाही' हा शिक्का माझ्या पिठाच्या पिशवीवर आहे. पाववाला माझ्या पिठाचे पाव विकताना पिशवी काउंटरवर लोकांना दिसेल अशी ठेवतो. यंदा चौदावं. एक विचारायचं राहिलं. तुझ्या स्वयंपाकघरात, तुझ्याच ऑफिसचा हाच शिक्का मी मिठाच्या पुडीवर वाचला. नव्या डोळ्यांना बारीक अक्षरही दिसतं. मिठाला जनुकं कुठून आली? ते काय झाडाला लागतं? ज्याच्यात जनुक असूच शकत नाही त्याला 'जनुक बदललेलं नाही' असं प्रमाणपत्र देणं म्हणजे दगडाला 'हा दारू पीत नाही' असा दाखला देणं झालं. कोण बसतं तुमच्याकडे या कामाला?

मागच्या हंगामातली कणसं दिली होती ती टांगलेली असू दे. भिंतीला तेवढीच एक चांगली वस्तू आहे.

तुझी आत्या


२ जुलै

प्रिय आत्या,

मिठावरून तू बोलणार हे मला माहीत होतं. ती पुडी मी कपाटात मागे ढकलून ठेवली होती, तरी तू शोधलीस.

डोळे बरे आहेत हे वाचून फार आनंद झाला. कणसं टांगलेली आहेत, सकाळी चहा करताना त्यांच्याकडेच बघते. खुर्च्यांचं बघू.

तुझा अर्ज आला. तू माझी आत्या आहेस हे मी साहेबांना लिहून दिलंय, त्यामुळे तुझी फाइल माझ्याकडे येणार नाही. समोरच्या टेबलावरचा बघेल. तो चांगला आहे, थोडा आळशी आहे.

एक विचारू? तू इथे होतीस तेव्हा नांग्या कुणी भरल्या?

तुझी मुंगी


११ जुलै

प्रिय मुंगे,

नांग्या भरल्या नाहीत. नांग्या पडल्याच नाहीत. पत्र नीट वाचत जा. वाचून मग प्रश्न विचारायचा असतो, हे तुला चौथीत शिकवलं होतं.

तुला वाटत असेल आत्या म्हातारी झाली, फुशारक्या मारते. मारते. का मारू नये? हे बी तुझ्या आजीने लग्नात आणलं, दागिन्यांच्या डब्यात, दागिने नव्हते म्हणून. तेव्हापासून हे दुसऱ्या कुणाच्या दुकानातून आलेलं नाही. एखाद्या वर्षी मन लावून उगवलं तर त्यात नवल काय?

आणि त्याची राखण कशी करायची हेही मला कळतं. पलीकडचा पिवळा मका लावतो, जीएम. कुंपणापलीकडे राहतो म्हणून मी त्याला पलीकडचा म्हणते, ते त्याला माहीत आहे. मी त्याच्या पंधरवडाभर आधी पेरते. त्याच्या मक्याला तुरे येईपर्यंत माझ्या कणसांचे केस वाळलेले असतात, म्हणजे त्याचे परागकण वाऱ्यावर आले तरी त्यांना इथे बसायला जागा नसते. तरी एखादा घुसलाच, तर पांढऱ्या कणसात पिवळा दाणा उठून दिसतो. कणसं सोलताना तो काढायचा. लहानपणी हे काम तुझं होतं. आजीच्या पुढ्यात बसून एकेक पिवळा दाणा वेचायचीस, म्हणून तर तुझं नाव मुंगी पडलं. माझी तपासणी अशी असते. तुमच्या यंत्राला जे कळायला आठवडा लागतो ते मला नुसत्या नजरेने कळतं, आणि आता तर नजरही नवी आहे.

मी त्याचा मका विष आहे असं म्हणत नाही, हे लक्षात घे. तो खातो, त्याची गुरं खातात, सगळे माझ्यापेक्षा धष्टपुष्ट आहेत. माझं म्हणणं एवढंच की पिशवीवर 'नाही' लिहिलं तर आत नसलं पाहिजे. माझ्या शाळेतल्या प्रिन्सिपल सिस्टर सांगायच्या, वहीवर लिहिलेलं नाव आणि वहीतलं अक्षर एकाच मुलीचं असावं.

पलीकडच्याचं सध्या काहीतरी चाललंय. रोज संध्याकाळी कुंपणाशी येऊन माझ्या ओळींकडे बघत उभा राहतो. परवा म्हणाला, "रान छान दिसतंय बाई." मी म्हटलं, "दिसणारच." त्यावर हसला. कारण नसताना हसणाऱ्या माणसाबद्दल मला वर्गातही संशय यायचा आणि तो सहसा खरा ठरायचा.

तुझी आत्या


२९ ऑगस्ट

प्रिय आत्या,

पत्राला उशीर झाला, कामात होते.

कणसं काढून झाली असतील. समोरच्या टेबलावरचा पुढच्या आठवड्यात नमुने घ्यायला येईल. तो प्रत्येक पोत्यातून दाणे घेईल, एकाच पोत्यातून नाही. वेळ लागेल. त्याला चहा दे आणि ओरडू नकोस.

पिवळे दाणे निघाले का?

तुझी मुंगी


५ सप्टेंबर

प्रिय मुंगे,

पिवळे दाणे बांधाकडच्या कणसांत दहा-बारा निघाले, दरवर्षीइतकेच. काढले. बाकी सगळं दुधासारखं.

तुमचा माणूस आला होता. तेरा वर्षं एक पोतं उघडून मूठभर दाणे घेऊन जायची पद्धत, या वेळी प्रत्येक पोत्यात नळी खुपसून बसला. विचारलं, तर म्हणे वरून सांगितलंय. मी ओरडले नाही. फक्त म्हटलं, वरच्यांना सांगा की मिठाच्या पोत्यातही नळी घाला. चहा दोन कप प्यायला.

शिक्का आला की पाववाला दुकानात नवी पाटी लावणार आहे. 'चौदा वर्षं एकच शेत, एकच बी.' मजकूर माझा, रंगवून त्याच्याकडे पाठवलीसुद्धा.

तुझी आत्या


१ ऑक्टोबर

मुंगे,

शिक्का नाकारला. ज्यांना मीठ चालतं त्यांना माझा मका चालत नाही.

पत्रात लिहिलंय, हजार दाण्यांत नऊपर्यंत जीएम दाणे चालतात, माझ्यात त्याच्या कितीतरी पट आहेत. म्हणजे वाऱ्यावर आलेलं नाही. म्हणजे कुणीतरी आणून घातलंय. आणि ते कुणी, हे सांगायला यंत्र नको.

मी सरळ कुंपणाशी गेले. तो त्याच्या विहिरीवर होता. मी त्याला हाक मारून, आजूबाजूच्या दोन शेतांत ऐकू जाईल अशा आवाजात परागचोर म्हटलं. सांगितलं की तुला माझ्या शिक्क्याचा मत्सर होता, म्हणून तू रोज उभा राहून हसत होतास. तो म्हणाला, "बाई, चोर नेतो. आणून टाकत नाही." आणि घरात निघून गेला. उलट उत्तर द्यायची ही तऱ्हा. उद्या रीतसर तक्रार लिहिणार आहे, पंचायतीत आणि तुमच्या ऑफिसात, दोन्हीकडे.

पाववाल्याने पाटी परत पाठवली. वाईट वाटलं असेल त्यालाही, कागदात नीट गुंडाळून पाठवली.

पण मला खरं दुखतंय ते वेगळंच. मुंगे, डब्यात बी नाही. सगळं पेरलं होतं. आता जे पोत्यांत आहे त्यातलं कुठलं आजीचं आणि कुठलं नाही, हे मला नजरेने ओळखता येत नाही. मी रात्रंदिवस निवडत बसले तरी ओळखता येणार नाही, सगळेच पांढरे आहेत. आजीने दागिन्यांच्या डब्यातून आणलेलं बी माझ्या हातून संपलं.

आता तू एक काम कर. तुमच्या ऑफिसात प्रत्येक पोत्यात नळी घाला असं कुणी सांगितलं ते शोध. तेरा वर्षं ज्याला सुचलं नाही त्याला चौदाव्या वर्षी कसं सुचलं? मला नाव नको. तो कुठल्या टेबलावर बसतो एवढं सांग.

आत्या


८ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तो खिडकीजवळच्या टेबलावर बसतो. ती मी आहे.

तुझं जूनमधलं पत्र मी तीनदा वाचलं. 'एकही नांगी नाही.' आजीचं बी मी ओळखते, आत्या. मी त्या शेतात वाढले. त्या बियाला नांग्या पडतातच. काही रुजत नाही, काही किडे खातात, काही पाखरं. भरून उगवणं हा आजीच्या मक्याचा स्वभाव नाही, दुकानातल्या बियाचा आहे. तू इथे होतीस तेव्हा कुणीतरी तुझ्या नांग्या भरल्या, हे मला तेव्हाच वाटलं. मी विचारलं, तू रागावलीस.

तुझी फाइल मी हातात घेऊ शकत नव्हते. समोरच्याने तेरा वर्षांचे कागद बघितले आणि मूठभर दाणे घेऊन पास करणार होता. तसं झालं असतं तर तुला कळलं नसतं, पाववाल्याला कळलं नसतं, कुणालाच नाही. फक्त मला. नातं आहे म्हणून फाइल हातात घेता येत नाही, पण माहीत असलेलं लपवायची परवानगीही नात्याने मिळत नाही. मी साहेबांकडे गेले आणि सांगितलं, प्रत्येक पोतं तपासा. ते म्हणाले, तुझी आत्या ना? मी म्हटलं, हो, म्हणूनच.

हे तुला आधीच सांगायला हवं होतं. ऑगस्टच्या पत्रात चार वेळा लिहिलं आणि चार वेळा खोडलं.

बियाचं वाचून मला रडू आलं. ते आत्ताच काय लिहू? आधी तू तक्रार लिहू नकोस. पलीकडच्या काकांकडे जा. कुंपणाशी उभी राहून नाही, त्यांच्या घरात जाऊन, बसून विचार. ते हसत होते ते मत्सराचं हसू असतं तर ते रोज दिसेल अशा जागी उभे राहून हसले नसते.

तू या पत्राला उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन.

मुंगी


१९ नोव्हेंबर

मुंगे,

उत्तराला उशीर झाला. मुद्दाम झाला. पहिले आठ दिवस मी तुझ्या बापाला फोन करून तुला कुणी वाढवली असं विचारत होते. तो म्हणाला, निम्मी तू. त्यानंतर त्याच्याशी बोलणं बंद केलं.

तक्रार लिहून तयार होती. छान झाली होती, वाचली असतीस तर खूश झाली असतीस. टाकायला निघाले, आणि वाटेत त्याचं घर लागतं. लागतं म्हणजे वाट वाकडी केली तर लागतं. गेले.

त्याची बायको दारात होती. मला बघून तिने खुर्ची पुढे केली, जुनी, लाकडी, बसायला केलेली. तो आतून आला आणि उभाच राहिला, तपासायला वही पुढे केलेल्या मुलासारखा. मी तू म्हणालीस तसं बसून विचारलं. माझ्या शेतात काही केलंस का?

तो म्हणाला, "केलं की, बाई. तुम्हाला दिसलं नाही का? मला वाटलं दिसलं असेल, म्हणून रोज यायचो. म्हटलं, आज बोलतील, उद्या बोलतील."

मुंगे, ऐक. मी तुझ्याकडे गेले त्या आठवड्यात त्याने माझं शेत पाहिलं. नांग्याच नांग्या. त्याच्या मनात आलं, या बाई डोळ्यांची पट्टी सोडून घरी येणार, आणि आल्या आल्या काय बघणार? पाहतील तर असं बोडकं रान. तर भरून ठेवू. पिवळं बी त्याच्या घरात होतं, ते त्याने घातलं नाही, कारण बाईंना पिवळा दाणा चालत नाही हे पंचक्रोशीला माहीत आहे. तो शहरात गेला, दोन दुकानं फिरला, आणि पांढरं बी शोधून आणलं. एवढंच नाही. माझं आधी पेरलेलं, म्हणून आपलं मागे पडायला नको, तर त्यातही लवकर तुऱ्यावर येणारं बघून घेतलं. गुडघे दुखत असताना वाकून वाकून एकेक दाणा टोचला. ज्या ज्या गोष्टीने माझं बी वाचलं असतं, ती ती प्रत्येक गोष्ट त्याने माझ्या भल्यासाठी विचार करून टाळली. माझ्या शत्रूला इतकं नीट सुचलं नसतं.

मी विचारलं, पिशवीवर काय लिहिलं होतं?

"कणसाचं चित्र होतं, बाई. पांढरं."

त्याची बायको म्हणाली, "मी म्हटलं होतं, आधी बाईंना विचारा. तर म्हणाले, विचारलं तर बाई नाही म्हणतील." यात खोटं काही नाही.

मग मी त्याला सांगितलं काय झालं ते. पांढरा असो की पिवळा, आत बदललेलं असेल तर बदललेलंच. ते डोळ्याला दिसत नाही. दुकानातली पिशवी त्याने बाहेर आणली, तिच्या मागे बारीक अक्षरात 'जीएम' लिहिलेलं होतं. मी वाचून दाखवलं. तो खाली बसला. इतका मोठा माणूस, विहिरीत उतरणारा, ती पिशवी उलटसुलट करून बघत राहिला. म्हणाला, "मग आजींचं बी?" तुझ्या आजीला तो आजीच म्हणायचा. मी म्हटलं, संपलं. त्याच्या बायकोने उठून चहा टाकला.

माफी मागितलीस का, असं तू विचारशील. मी त्याच्याकडे चहा प्यायले, आणि अजून अर्धा कप आहे का विचारलं. त्याला कळलं. येताना तक्रार त्याच्या चुलीत घातली. त्याची बायको म्हणाली, केवढी लांब होती.

आता तुझं. आमच्या शाळेत प्रिन्सिपल सिस्टरची सख्खी भाची माझ्या वर्गात होती. तिला सिस्टरने गणितात नापास केलं, दोन मार्कांसाठी. आम्हा मुलींना त्याचा असा काही अभिमान वाटला की वर्षभर आम्ही ती गोष्ट दुसऱ्या शाळेतल्या मुलींना सांगत होतो. आत्या भाचीला नापास करते हे पाहिलं होतं. भाचीने आत्याला नापास केलेलं पहिल्यांदाच पाहते आहे, आणि ते माझ्या घरात घडलं. ही गोष्ट आता मी दूधवाल्याला सांगितली, पोस्टमनला सांगितली, पाववाल्याला दोनदा सांगितली. त्याला आधी समजेना मी रागावले आहे की मिरवते आहे. मी म्हटलं, दोन्ही.

चार वेळा खोडलंस तसं मात्र पुन्हा खोडायचं नाही. मला लिहिताना पेन थांबवायचं नाही.

मका सगळा गुरांच्या खाद्याला दिला. त्याला काही झालेलं नाही, फक्त तो म्हणतो ते तो नाही.

तुझी आत्या


२८ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

सोबत लाकडी पेटी आहे. उघडताना पत्र आधी वाच म्हणून वर ठेवलंय, पण तू पेटी आधी उघडली असशील.

ती माझ्या स्वयंपाकघरातली कणसं आहेत. मागच्या हंगामातली, भेसळीच्या आधीची. ऑक्टोबरमध्ये तुझं पत्र आलं त्याच दिवशी ती मला आठवली, पण तपासल्याशिवाय तुला आशा दाखवायची नव्हती. प्रत्येक कणसाचे काही दाणे काढून पैसे भरून बाहेरच्या प्रयोगशाळेत दिले, आमच्या नाही. सगळी स्वच्छ आहेत. काल निकाल आला.

कणसं अकरा आहेत. पूर्ण शेत होणार नाही, जेमतेम एक पट्टा. आणि इतक्या थोड्या कणसांतून बी वाढवलं तर पुढे ते दुबळं होतं, म्हणून पहिली दोन-तीन वर्षं काही दळायचं नाही, फक्त वाढवायचं. म्हणजे तोवर पीठ नाही, शिक्का नाही, पाटी नाही. जमेल का तुला?

माझी भिंत रिकामी दिसते. पण चहा करताना मी अजून तिकडेच बघते.

मिठाचं: त्या कंपनीचा अर्ज या वर्षी पुन्हा आला. या वेळी माझ्या टेबलावर. मी परत पाठवला, आणि कारणाच्या जागी तुझं दगडाचं वाक्य लिहिणार होते, पण साहेबांनी ते काढायला लावलं. परत पाठवणं मात्र राहिलं.

तुझी मुंगी


९ जून

प्रिय मुंगे,

जमलं. पेरलं, उगवलं.

कुठे पेरलं ते आधी सांगते. विहिरीच्या मागे, पलीकडच्याचा मका दरवर्षी असतो तिथून सगळ्यात लांब. पण पट्टा नीट लांब पडावा म्हणून त्या बाजूलाही त्याच्या हद्दीतली थोडी जमीन लागत होती. मी मागितली नाही. त्याने परस्पर कुंपण काढून सहा-सात पावलं मागे नेलं आणि मला म्हणाला, "बाई, आता मी अजून पलीकडचा झालो." यंदा आपल्या शेतात मका लावलाच नाही त्याने, सगळी सूर्यफुलं. मी म्हटलं, माझ्यासाठी नुकसान कशाला? म्हणाला, सूर्यफूलही पिवळंच असतं बाई, पण ते तुम्हाला लांबून ओळखू येईल. त्याला मी आता शेजारी म्हणते. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्याने मागे वळून बघितलं, कुणाला हाक मारली म्हणून.

कणसं पेरायला सोलली ती आम्ही तिघांनी मिळून, त्याच्या ओट्यावर. एकेक दाणा हातात घेऊन. त्याची बायको म्हणाली, मुंगी असती तर पटापट झालं असतं. मी म्हटलं, मुंगी मोठी झालीये, आता ती पोती तपासते.

आणि आता मुख्य. नांग्या पडल्या आहेत. कशा म्हणून विचारू नकोस. एक ओळ तर अशी आहे की दुसरीतल्या मुलाने हसून दाखवावं. काल पाववाला आला होता, बघून म्हणाला, हे काय झालं? मी त्याला ओळीतून हाताला धरून फिरवलं, शेवटपर्यंत, प्रत्येक रिकामी जागा दाखवत. शेवटी म्हणाला, पाटी जपून ठेवली आहे ना? ठेवली आहे, कपाटात, त्याच्याच कागदात. 'चौदा वर्षं' खोडून मी तिथे जागा मोकळी सोडलीये. किती ते नंतर लिहू.

शेजारी संध्याकाळी कुंपणाशी येतो, म्हणजे कुंपण आता जिथे आहे तिथे. हात मागे बांधून उभा राहतो. त्याची तळमळ मला कळते, मोकळी जागा दिसली की त्याचा हात शिवशिवतो. काल अगदी हळू म्हणाला, "बाई, तुमच्याच बियातले चार दाणे उरलेत, ते तरी टोचू?" मी म्हटलं, ते डब्यात ठेव. दागिन्यांच्या डब्यात. तो तुझ्या घरी राहील, माझ्या घरी नाही. मी एकदा सगळं पेरून बसले आहे. त्याने डबा दोन्ही हातांनी नेला.

तो गेल्यावर मी एकटीच थोडा वेळ उभी राहिले. मुंगे, इतकं देखणं शेत मी या डोळ्यांनी अजून पाहिलेलं नाही.

तीन वर्षांनी अर्ज करीन. तेव्हा समोरच्या टेबलावरच्याला पाठव, आणि त्याला सांग, प्रत्येक पोत्यात नळी घाल. तू तपासायला येऊ नकोस, तू नात्यातली आहेस. तू जेवायला ये. खुर्ची नवी केली आहे, बसायची.

तुझी,
तूच नापास केलेली,
आत्या